पेन्शनच्या फायलीत सापडलेलं पत्र: अमेरिकन यादवी युद्धातल्या एका सैनिकाची कागदपत्रं कशी मिळवली

अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या (१८६१ ते ६५, उत्तरेकडची राज्यं विरुद्ध दक्षिणेकडची, इथे सगळे सिव्हिल वॉर म्हणतात) एका स्वयंसेवक सैनिकाचे कागद शोधायचं काम आमच्या घरात वर्षभराहून जास्त चाललं होतं, ते गेल्या महिन्यात संपलं. सुरुवात केली तेव्हा कुठला फॉर्म, कुठलं ऑफिस, किती पैसे यातलं काहीच माहीत नव्हतं आणि मराठीत तर यावर एक ओळ सापडली नाही. आता इथे लग्न करून स्थिरावलेले आपले बरेच लोक आहेत, त्यांच्या मुलांना शाळेत घराण्याच्या इतिहासाचे प्रोजेक्ट असतात, म्हणून जसं घडलं तसं सविस्तर लिहितेय.

आम्ही मॅडिसनला राहतो, विस्कॉन्सिनमध्ये. माझा नवरा इथलाच, त्याच्या आईचं माहेर ग्रँट काउंटीतलं, राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, पूर्वी तिकडे शिशाच्या खाणी होत्या आणि बाकी शेती. सासूबाईंच्या पणजीचा थोरला भाऊ १८६१ मध्ये सैन्यात गेला आणि परत आला नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली, की लढाईला निघायच्या आधी त्याने आईला मॅडिसनहून पत्र लिहिलं होतं आणि ते पत्र आईने "सरकारला दिलं, ते परत आलंच नाही". सासूबाई हे सांगायच्या तेव्हा मला वाटायचं सरकारला कोण कशाला पत्र देईल, काहीतरी ऐकीव असणार. पण त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि ते पत्र कुठे असेल हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही, म्हणून मागच्या वर्षी जानेवारीत, बाहेर बर्फ आणि करायला काही नाही, अशा दिवसांत मी शोधायला बसले.

पहिली पायरी म्हणजे माणूस नेमका कोणत्या रेजिमेंटमध्ये, कोणत्या कंपनीत होता हे ठरवणं. हे कळल्याशिवाय पुढचा एकही फॉर्म भरता येत नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसचा एक फुकट डेटाबेस आहे, सोल्जर्स अँड सेलर्स म्हणून, त्यात दोन्ही बाजूंच्या सैनिकांची नावं आहेत. अडचण आडनावाच्या स्पेलिंगची, कारण नोंद करणाऱ्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळे एकाच माणसाची तीन-चार रूपं भेटतात आणि एकाच नावाची वेगवेगळी माणसंही भेटतात. म्हणून आधी कागदावर त्या आडनावाची सुचतील तेवढी सगळी स्पेलिंगं लिहून काढा आणि मग एकेक टाकून बघा. विस्कॉन्सिनसाठी आणखी एक सोय आहे, राज्याने १८८६ मध्ये आपल्या सगळ्या स्वयंसेवकांची यादी दोन खंडांत छापली, ती ऑनलाइन आहे आणि तिच्यात प्रत्येकाचं गावही दिलंय. गाव जुळलं तेव्हाच मला खात्री पटली. आमचा मुलगा (आता मी त्याला आमचाच म्हणते) सातव्या विस्कॉन्सिन इन्फंट्रीतला (म्हणजे पायदळातला), उत्तरेच्या बाजूचा साधा शिपाई निघाला. त्या रेजिमेंटमध्ये ग्रँट काउंटीतल्या पोरांच्या कंपन्या होत्या, म्हणजे एकाच तालुक्यातले, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे.

दुसरी पायरी सर्व्हिस रेकॉर्ड. हे वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहातून, मागवायचं. त्यांच्या साइटवर अकाउंट काढून फॉर्म ८६ भरला, फी मी भरली तेव्हा ३० डॉलर होती, डिजिटल किंवा कागदी कॉपी जी हवी ती निवडता येते. इथे एक गोष्ट मला फार बरी वाटली, तुम्ही त्या सैनिकाचे कोण हे कोणी विचारत नाही. वारस दाखला नाही, वंशावळ नाही, कोणीही मागवू शकतं, दीडशे वर्षांपूर्वीचे हे कागद सगळ्यांसाठी खुले आहेत. फेब्रुवारीत ऑर्डर टाकली आणि मे महिन्यात कॉपी आली. मधल्या काळात ईमेलवर फक्त ऑर्डर नंबर असतो, तो जपून ठेवा, चौकशी करायची तर तोच लागतो.

सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे छोट्या छोट्या कार्डांचा संच. दर दोन महिन्यांनी हजेरीपट व्हायचा आणि प्रत्येक हजेरीचं एक कार्ड, हजर, हजर, हजर, मग हॉस्पिटलमध्ये. वय २०, उंची पाच फूट आठ इंच, डोळे निळे, केस भुरे, धंदा शेतकरी. फोटो घरात कोणाकडेच नाही, त्यामुळे सासूबाईंना त्याचं रूप पहिल्यांदा कळलं ते या कार्डावरून. त्या बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसल्या.

जखमी झाल्याची नोंद होती २८ ऑगस्ट १८६२, ठिकाण गेन्सव्हिल. नकाशावर शोधायला गेलात तर गोंधळ होईल म्हणून सांगते, या एकाच लढाईला गेन्सव्हिल, ग्रोव्हटन आणि ब्रॉनर्स फार्म अशी तिन्ही नावं आहेत. व्हर्जिनियातली ती जागा आता मनासस नॅशनल बॅटलफील्ड पार्कमध्ये येते. संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याच्या सैन्याशी गाठ पडली आणि अंधार होईपर्यंत दोन्ही बाजू शंभर यार्डांच्या आतबाहेर समोरासमोर उभ्या राहून गोळ्या झाडत होत्या. सातवी विस्कॉन्सिन जनरल गिबनच्या ब्रिगेडमध्ये होती, त्या ब्रिगेडमधली जवळपास एकतृतीयांश माणसं त्या एका संध्याकाळी कामास आली किंवा जखमी झाली. पुढे हीच ब्रिगेड आयर्न ब्रिगेड म्हणून प्रसिद्ध झाली, पण ते नाव रूढ व्हायच्या आतच आमचा मुलगा सप्टेंबरमध्ये अलेक्झांड्रियाच्या हॉस्पिटलात वारला.

आता मुख्य गोष्ट, पेन्शनची फाइल. मला वाटायचं पेन्शन बायकोला मिळते, हा तर बिनलग्नाचा. पण १४ जुलै १८६२ च्या कायद्याने मुलावर अवलंबून असलेल्या आईलाही पेन्शनचा हक्क दिला होता, साध्या शिपायाच्या आईला महिना ८ डॉलर. आणि अशा आयांचे अर्ज 'विधवा आणि इतर अवलंबित' या एकाच मालिकेत ठेवलेले आहेत, त्यामुळे विधवेच्या फायली असं नाव बघून पुढे जाऊ नका. पेन्शनचा इंडेक्स फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट बघायला मिळतो, सैनिकाच्या नावाने कार्ड असतं, त्यावर रेजिमेंट, अर्ज कोणी केला, अर्जाचा नंबर आणि मंजूर झाला असेल तर सर्टिफिकेट नंबर. आमच्या कार्डावर 'मदर' असं लिहिलेलं होतं आणि दोन्ही नंबर होते. ते बघून मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

ऑर्डर करताना दोन पर्याय दिसतात. एक ३० डॉलरचं पाकीट, त्यात त्यांच्या दृष्टीने वंशावळीला उपयोगी असे निवडक कागद येतात, आणि दुसरी पूर्ण फाइल, ८० डॉलर, पहिल्या शंभर पानांसाठी, पुढच्या पानांचे वेगळे पैसे. फॉर्म ८५. माझं कळकळीचं सांगणं आहे की परवडत असेल तर पूर्ण फाइलच घ्या, कारण निवडक पाकिटात पत्रं येतीलच असं नाही आणि खरा जीव तिथेच असतो. त्याआधी एकदा फोल्ड-थ्री या लष्करी कागदपत्रांच्या साइटवर तपासा, अवलंबितांच्या काही फायली तिथे स्कॅन झालेल्या आहेत, सगळ्या नाहीत. वर्गणी भरायची नसेल तर तुमच्या पब्लिक लायब्ररीत विचारा. आमची फाइल तिथे नव्हती म्हणून मी जूनमध्ये ८० डॉलर भरले आणि ऑक्टोबरमध्ये पीडीएफ आली, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डपेक्षा जास्त वेळ लागला, तेव्हा डेडलाइन असलेला प्रोजेक्ट असेल तर फार आधी सुरुवात करा.

फाइल साठ-सत्तर पानांची. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी नि नवरा टेबलावर लॅपटॉप ठेवून वाचायला बसलो आणि पहाटेपर्यंत उठलो नाही. एका खेड्यातल्या विधवा बाईने काय काय सिद्ध करायचं होतं बघा. हा माझाच मुलगा. त्याचं लग्न झालं नव्हतं, त्याला मूलबाळ नाही. माझा नवरा वारला आहे. मुलगा कर्तव्यावर असताना झालेल्या जखमेने गेला. आणि सगळ्यात अवघड, माझं पोट त्याच्या कमाईवर चालत होतं. प्रत्येक मुद्द्याला दोन साक्षीदार, त्यांनी काउंटीच्या कोर्टात जाऊन शपथेवर सांगायचं, त्यावर क्लार्कचा शिक्का. मग पेन्शन ऑफिसने लष्कराच्या अ‍ॅडज्युटंट जनरलच्या ऑफिसला विचारायचं की हा शिपाई खरंच होता का, मेला का, कधी. तिकडून उत्तर आलं की फाइल पुढे. तिला लिहिता येत नसावं, तिच्या नावापुढे प्रत्येक ठिकाणी फुली आहे आणि बाजूला दोघांच्या सह्या. एका शेजाऱ्याने सांगितलंय की मुलगा कापणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर राबून आईला पीठ आणि जोडे आणून द्यायचा. दुकानदाराने आपली वही उतरवून दिलीय. वकिलाची फी मात्र कायद्याने बांधून टाकलेली होती, १८६४ नंतर १० डॉलर, हे वाचून जरा बरं वाटलं.

माझे बाबा फौजेत होते, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, बाबा गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनसाठी मी तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बँकेत चकरा मारल्या आहेत, नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी अ‍ॅफिडेव्हिट केलंय आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला असतोच. त्यामुळे या बाईचे कागद मला परके वाटले नाहीत. तिला पेन्शन वर्षातून दोनदा मिळायची, ४ मार्च आणि ४ सप्टेंबरला, आणि मीच ती हे सांगायला साक्षीदार लागायचे.

आणि पत्र. मुलगा पैसे पाठवत होता याचा पुरावा काय, असं विचारल्यावर आयांकडे दाखवायला असायचं काय तर त्यांची पत्रं. म्हणून देशभरातल्या कितीतरी आयांनी मुलांची मूळ पत्रं अर्जाला जोडली, आणि फाइल बंद झाली की पत्रंही आतच राहिली. आमच्या फायलीत पत्र होतं. पानाच्या माथ्यावर कॅम्प रँडल, मॅडिसन, सप्टेंबर १८६१. घरात सांगत आलेली गोष्ट अक्षरशः खरी होती. नवरा काही बोलला नाही, उठून आईला फोन लावला, रात्रीचे अकरा वाजून गेले होते तरी.

सातवी विस्कॉन्सिन २१ सप्टेंबर १८६१ ला मॅडिसनहून वॉशिंग्टनला निघाली, त्याच्या एक-दोन दिवस आधीचं हे पत्र. कॅम्प रँडल म्हणजे तेव्हाचं शेतकी प्रदर्शनाचं मैदान, गव्हर्नर अलेक्झांडर रँडलच्या नावाने ओळखलं जाणारं, युद्धाच्या काळात सत्तर हजारांवर सैनिक तिथे तयार झाले. आज तिथे विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम आहे आणि आम्ही मॅच बघायला जातो तो दरवाजा त्या जागेपासून पावलांवर. पत्रात तो लिहितो की झोपायला पेंढा आहे, जेवण बरं आहे, करड्या रंगाचा युनिफॉर्म मिळाला (राज्याने सुरुवातीला करडेच कपडे दिले होते, शत्रूचाही रंग तोच असल्याने पुढे बदलून निळे दिले). कुठे जाणार हे साहेब लोक सांगत नाहीत. मग पानभर हिशोब. पगार महिना १३ डॉलर, त्यातले किती पाठवणार. स्वयंसेवकाच्या कुटुंबाला राज्य सरकार महिना ५ डॉलर देतंय, ते घ्यायला कोणाकडे जायचं. कापणीची मजुरी कोणाकडून यायची आहे. कालवड विकलीस तरी चालेल पण घोडी विकू नकोस. धाकटीला शाळेत पाठव. ती धाकटी म्हणजे सासूबाईंची पणजी. पैशाच्या ओळींच्या बाजूला कोणीतरी समासात रेघ ओढलेली आहे, बहुतेक पेन्शन ऑफिसातल्या कारकुनाने, त्याला तेवढंच हवं होतं.

अमेरिकेत अशा पत्रांचा विषय निघाला की सगळे सुलिव्हन बॅलूचं नाव घेतात. ऱ्होड आयलंडचा वकील, मेजर, १४ जुलै १८६१ ला त्याने बायकोला, सेराला, लिहिलेलं पत्र, आणि आठवड्याने बुल रनच्या लढाईत तो जखमी होऊन गेला. ते पत्र पोस्टात न पडता त्याच्या सामानात राहिलं होतं. फार सुंदर पत्र आहे ते, देश आणि प्रेम यावर इतकं स्वच्छ लिहिणारे थोडेच. आमच्या मुलाच्या पत्रात देशाचं नाव एकदाही नाही. पण मला ते वाचताना वाटलं की आईने हिवाळा कसा काढावा याचाच विचार करत तो निघाला होता आणि प्रेम म्हणून ते मला कुठेही कमी वाटलं नाही.

स्कॅनमध्ये पत्राची एक घडी काळी आली होती, दोन-तीन ओळी वाचता येत नव्हत्या. म्हणून मार्चमध्ये व्हर्जिनियात माझ्या मावसबहिणीकडे गेलो तेव्हा आर्काइव्ह्जमध्ये स्वतः जायचं ठरवलं, सासूबाईंनाही घेऊन. पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच्या बाजूने रिसर्चर लोकांना आत सोडतात. फोटो आयडी दाखवून रिसर्चर कार्ड काढायचं, ते फुकट असतं, नियम समजावून सांगतात. बॅग, कोट, पेन, स्वतःची वही सगळं लॉकरमध्ये. लिहायला पेन्सिल आणि कागद तेच देतात. फोनने फोटो काढता येतात पण फ्लॅश नाही. फायली स्टोअरमधून काढायच्या वेळा ठरलेल्या असतात, ती वेळ चुकली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे सकाळी लवकर जा, फायलीचे नंबर आधीच लिहून न्या आणि निघायच्या आधी अपॉइंटमेंटचा आणि वेळांचा आत्ताचा नियम साइटवर बघून घ्या, ते बदलत असतात. थंडी वाजते आत, अंगात स्वेटर असू द्या.

फाइल आली ती तीन घड्या घातलेल्या जाड कागदाच्या गुंडाळीत. पत्र उलगडायला तिथल्या बाईंनी मदत केली, घडीवर जोर देऊ नका म्हणाल्या. शाई तपकिरी झालीय पण अक्षर स्पष्ट आहे. घडीत लपलेल्या ओळी निघाल्या, त्यात त्याने लिहिलं होतं की गावात जाऊन फोटो काढलाय आणि तो एका ओळखीच्याबरोबर पाठवतोय. म्हणजे फोटो होता. तो कुठे गेला कोणाला माहीत नाही, सासूबाई आता सगळ्या चुलत घराण्यांना त्यांच्या माळ्यावरचे डबे उघडायला लावतायत.

जुनं अक्षर वाचायची सवय नसेल तर एकदम आपल्या कागदावर तुटून पडू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या बाय द पीपल उपक्रमात जुनी हस्तलिखितं टाइप करायला सामान्य लोकांची मदत घेतात, मी उन्हाळ्यात वाट बघत असताना तिथे रोज थोडं थोडं केलं आणि डोळा तयार झाला. त्या काळची पोरं पूर्णविराम देतच नाहीत, म्हणून मोठ्याने वाचा, वाक्य कुठे संपतं ते आपोआप कळतं.

दुसऱ्या दिवशी मनाससला गेलो, ब्रॉनर फार्म बघितलं, उघडं गवताळ रान आहे, लपायला काहीच नाही. मग अलेक्झांड्रियाच्या नॅशनल सेमेटरीत. कबरीचा सेक्शन नि नंबर आधी व्हेटरन्स खात्याच्या ग्रेव्हसाइट लोकेटरवर फुकट मिळाला होता. दगडावर त्याच्या आडनावाचं स्पेलिंग आणखी वेगळं आहे. सासूबाईंनी पत्राची कॉपी काढून सगळी वाचली तिथे, हिशोबासकट.

एकूण खर्च प्रवास सोडला तर ११० डॉलर. पत्राचं टायपिंग आणि फायलीची कॉपी घरातल्या सगळ्यांना पाठवली, एक प्रत इथल्या व्हेटरन्स म्युझियमला द्यायचं चाललंय. साताऱ्याकडच्या एक-दोघांनी विचारलं की आपल्या पणजोबांचं असं काही मिळेल का, तर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या भारतीय सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात, सुरुवात तिथून करा, स्पेलिंगचा नियम तिथेही तोच.

आणि अमेरिकेतल्या पेन्शन इंडेक्सच्या कार्डावर अर्जाचा नंबर असेल पण सर्टिफिकेटची जागा कोरी दिसली तर सोडून देऊ नका. त्याचा अर्थ बहुधा त्या बाईचा अर्ज मंजूर झाला नाही एवढाच, नामंजूर अर्जांच्या फायलीही ठेवलेल्या आहेत, त्याही याच फॉर्मवर मागवता येतात, आणि तिने जोडलेली पत्रं तिलाही परत मिळाली असतीलच असं नाही.